एका डोळ्याचे तीस टक्के

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून बरी होऊन घरी आलेली माणसे पुन्हा दवाखान्यात जाऊ लागली. नाक चोंदायचे, गाल बधिर व्हायचा, दाढ ठणकायची. मग पापणी उतरायची आणि एकाचे दोन दिसायचे. म्युकरमायकोसिस हे अवघड नाव तेव्हा खेडोपाडी पोचले आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘म्युकर’ झाले. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूकडे सरकते. ती रक्तवाहिन्या बंद करते आणि रक्त न पोचलेला भाग काळा पडून मरतो. मेंदू वाचवायचा म्हणून डॉक्टरांना कित्येकांचा डोळा काढावा लागला, काहींचा वरचा जबडाही.

रुग्णांची यात काय चूक होती? ज्या स्टेरॉइडने जीव वाचवला, त्यानेच रक्तातली साखर वाढवली. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हते.

आमच्याच नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या तत्कालीन खासदार आणि केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी जुलै २०२१ मध्ये संसदेत आकडे दिले. देशात ४५ हजारांवर रुग्ण, ४,३०० हून अधिक मृत्यू. सर्वाधिक झळ महाराष्ट्र आणि गुजरातला बसली होती. राज्य सरकारने तेव्हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मोफत केले. या बुरशीवरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी घरची माणसे शहरोशहरी फिरत होती, त्या काळात हा मोठा आधार होता. तो मी विसरलेलो नाही.

माझे म्हणणे त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. जीव वाचला, टाके काढले, आणि माणूस घरी आला. पुढे काय?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार योजनांचा लाभ मिळायला ४० टक्के दिव्यांगत्व लागते. संजय गांधी निराधार योजनेलाही तीच अट आहे. आणि एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असला, तर केंद्राच्या निकषांप्रमाणे मिळतात ३० टक्के. दहा टक्क्यांनी माणूस कागदावर धडधाकट ठरतो.

आमच्या बागलाण तालुक्यात धडधाकट असणे म्हणजे काय, हे इथे येऊन पाहावे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. विहिरीच्या पायऱ्या उतरताना, डाळिंबाच्या काटेरी फांद्यांत हात घालून छाटणी करताना, कांद्याने भरलेला ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीच्या गर्दीत शिरताना तो अंदाजच माणसाला सांभाळतो. फवारणीचा एक शिंतोडा उरलेल्या डोळ्यात गेला तर? या भीतीने जो फवारणी सोडतो, त्याला दुसऱ्याची मजुरी भरावी लागते. जबडा गेलेल्याला भाकरी चावत नाही, बोललेले समोरच्याला कळत नाही. चेहरा झाकून लग्नाला जायचे की जायचेच नाही, हा प्रश्न तर वेगळाच.

कृत्रिम डोळ्यासाठी नाशिकला जायचे, तर ते सटाण्याहून नव्वद किलोमीटरच्या आसपास. कृत्रिम डोळा मापाने बनवावा लागतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. खोबणीसकट सगळे काढले असेल, तर सिलिकॉनचा अर्धा चेहराच घडवावा लागतो. रोजावर जाणाऱ्याला हे हेलपाटे कसे परवडावेत?

मे २०२१ मध्ये केंद्राने हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. म्हणजे रुग्णांची नोंद सरकारदरबारी असायला हवी. ती यादी बाहेर काढा आणि आशाताईंमार्फत एकेका घरी विचारपूस करा. डोळा गेलेल्या म्युकर रुग्णांना राज्याने आपल्या अधिकारात निराधार योजनेच्या टक्केवारीतून सूट द्यावी. कृत्रिम डोळा, जबडा आणि ते बदलून घेण्याचा खर्च फुले योजनेत कायमचा धरावा. मापे घेणारे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी सटाणा आणि मालेगावच्या सरकारी रुग्णालयांत यावेत.

दुष्काळात रयतेसाठी सरकारी खजिना उघडणाऱ्या देवमामलेदारांचे मंदिर आमच्या गावात आहे. त्या गावातून हे मागणे मागताना मला संकोच वाटत नाही.

आणखी एक, आणि हे आजच सुरू करता येईल. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी आणि सुरू असताना प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात साखर तपासली जावी. डोळा दुखतो, पापणी उतरली असे सांगणाऱ्या मधुमेही रुग्णाला थेंब देऊन घरी न पाठवता त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि त्यासाठी रुग्णवाहिका सरकारची असावी.

आपला,
सटाण्याचा एक रहिवासी