काकींचं कुंपण
गेल्या आठवड्यात गोव्यात पेडण्याकडच्या एका वाड्यावर गेलो, तर ओळखीच्या काकींच्या तुळशीपासून चार पावलांवर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नवंकोरं काटेरी कुंपण! विहिरीची वाट त्यात गेली. ‘भाटकार एक शब्द वाकडा बोलले नाहीत हां,’ असं काकी कौतुकाने सांगत होत्या. आमच्याकडे छळसुद्धा कसा घरंदाज असतो पाहा. पूर्वी कौलं परतायलाही भाटकाराचा होकार लागे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ती मिजास उतरवली. पंचायत हद्दीत घरासकट ३०० चौरस मीटर किंवा घराभोवतीचे पाच मीटर, जे जास्त भरेल ते मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, विकत घेता येतं. पण त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो, आणि आमचं घोडं तिथेच पेंड खातं. पेडणे काय नि डिचोली काय, ‘भाटकार देवमाणूस, कागद कशाला?’ म्हणत दोन पिढ्या सरल्या. देवमाणूस वारला, मुलगा मुंबईला, आणि मोपा विमानतळावर विमानं उतरू लागल्यावर त्याला अचानक गाव आठवला. माझं स्पष्ट मत आहे: भाटकाराच्या रागापेक्षा त्याच्या चांगुलपणाने जास्त मुंडकार बुडवले. काकींच्या पत्र्याच्या पेटीत जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, सगळं सुंभाने बांधलेलं. म्हटलं, हे घेऊन सोमवारी कचेरीत चला. ‘तांकां वायट दिसतलें मरे,’ काकी म्हणाल्या, आणि कळशी कमरेवर घेऊन लांबच्या वाटेने पाण्याला निघाल्या.