आधी दाखवा, मग छापा : मोठ्या फोटो-प्रिंटच्या पूर्वदर्शनाबाबत मागणीपत्र

प्रति,
मोठ्या आकाराची फोटो-छपाई करणारे सर्व लॅबचालक

विषय : कॅनव्हास, ॲक्रिलिक, मेटॅलिक, मॅट इत्यादी माध्यमांवरील मोठ्या प्रिंट छापण्यापूर्वी त्यांचे भरवशाचे पूर्वदर्शन मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही जिल्ह्यातील व्यावसायिक छायाचित्रकार लग्नसमारंभ, प्रदर्शने आणि हॉटेल-दवाखान्यांच्या सजावटीसाठी आपल्याकडून मोठ्या प्रिंट करून घेतो. फाइल पाठवायची, पैसे भरायचे आणि पार्सल उघडल्यावर काय आले ते बघायचे, अशी आजची रीत आहे. प्रिंट मनासारखी आली नाही की लॅब म्हणते, फाइलच तशी होती. ग्राहक म्हणतो, मोबाइलवर तर फोटो छान दिसत होता. मधल्यामध्ये भुर्दंड छायाचित्रकाराला. हा वाद छपाईनंतर मिटत नाही, कारण दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेले आणि ताडून बघता येईल असे काहीच हाताशी नसते. ते असावे, यासाठी पुढील मागण्या आहेत.

वस्तुस्थिती

मॉनिटर स्वतः उजळतो; कागद त्याच्यावर पडलेला प्रकाश परतवतो. म्हणून दोन्हींत फरक राहणारच, हे आम्हाला मान्य आहे. पण प्रत्येक माध्यमाचा फरक वेगळा असतो. ग्लॉसी कागदावर काळा रंग खोल उतरतो. मॅटवर आणि कॅनव्हासवर तोच राखाडीकडे झुकतो आणि नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवरचे काम सावलीत बुडते. पैठणीचा मोरपंखी, शालूचा राणी रंग, जेजुरीच्या भंडाऱ्याचा पिवळा हे रंग मॉनिटरवर जितके भडक दिसतात तितके प्रत्येक माध्यमाला पेलत नाहीत. मेटॅलिक कागदावर पांढऱ्याला मोतिया झाक येते. ॲक्रिलिकवर रंग खुलतात, पण समोरच्या खिडकीचे प्रतिबिंबही पडते. हे माध्यमांचे दोष नव्हेत, स्वभाव आहेत. ते आधी कळले तर आम्ही फाइल त्या बेताने तयार करू शकतो.

काही लॅब सोफ्याच्या वरच्या भिंतीवर फोटो टांगलेला दाखवणारे चित्र पाठवतात. त्यातून चौकट केवढी दिसेल ते समजते आणि ग्राहकाला साइज ठरवायला त्याचा उपयोगही होतो. पण रंग, काळेपणा, चमक आणि पोत यांबद्दल ते चित्र काहीच सांगत नाही. त्याला प्रिंटचे पूर्वदर्शन म्हणता येणार नाही.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक माध्यमाचे प्रोफाइल द्यावे. मशीन, शाई आणि माध्यम यांच्या प्रत्येक जोडणीचे आयसीसी प्रोफाइल (त्या जोडणीवर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल), तयार केल्याच्या तारखेसह, विनामूल्य मिळावे. शाई किंवा कागदाचा प्रकार बदलला तर नवे प्रोफाइल द्यावे. आयसीसी ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. म्हणजे ही सोय काही नवी नाही. प्रोफाइल हाती असले की फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे मॉनिटरवरच प्रिंटचा अंदाज, लावून, कागदाचा पांढरेपणाही धरून, फोटो तपासता येतो. तसे केल्यावर फोटो फिका पडलेला दिसतो आणि पहिल्यांदा बघणारा दचकतो. पण तो फिकेपणा छपाईआधी दिसला तर त्यावर इलाज करता येतो.

२. नमुना संच ठेवावा. चमक आणि पोत मॉनिटरवर दिसत नाहीत. त्यासाठी वस्तू हातात घ्यावी लागते. एकच चित्र सर्व माध्यमांवर छापलेला संच प्रत्येक काउंटरवर असावा. त्या चित्रात गोरी आणि सावळी त्वचा, काळे व पांढरे कापड, जरीकाम आणि राखाडीच्या पायऱ्या असाव्यात. प्रत्येक नमुन्यामागे माध्यमाचे नाव, जाडी आणि लॅमिनेशनचा प्रकार लिहावा.

३. मोठ्या ऑर्डरला टेस्ट पट्टी सक्तीची करावी. २४×३६ इंच आणि त्यापुढील प्रत्येक कामासाठी त्याच मशीनवर, त्याच माध्यमावर, लॅमिनेशनसह ८×१२ इंचांची पट्टी काढावी. पूर्ण फोटो लहान करून काढलेली प्रिंट इथे चालणार नाही. पट्टी अंतिम आकारातल्या फोटोचाच तुकडा हवी, आणि तो चेहऱ्याचा किंवा सर्वांत नाजूक भागाचा हवा. कारण असे : २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची ६०००×४००० पिक्सेलची फाइल ६०×४० इंचांवर नेली की इंचाला १०० पिक्सेल उरतात. कॅनव्हासच्या विणीत आणि लांबून बघताना ते खपून जाते. ॲक्रिलिकवर जवळून बघताना मऊ पडलेल्या पापण्या लगेच डोळ्यांत भरतात. लहान प्रिंटमध्ये हा फरक दिसूच शकत नाही.

४. बघण्याचा प्रकाश ठरवावा. एकाच प्रिंटची छटा ट्यूबलाइटखाली एक आणि दारात उन्हात दुसरी दिसते. आयएसओ ३६६४ या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत ५००० केल्विनचा प्रकाश सांगितला आहे : बारकाईने तुलना करताना २००० लक्स, एरवी प्रिंट पारखताना ५०० लक्स. असा एक दिवा काउंटरवर असावा. शेजारी घरात वापरतात तसा पिवळसर एलईडी असावा, कारण प्रिंट शेवटी दिवाणखान्यात लागणार आहे. मागून उजळणाऱ्या फिल्मची पट्टी मागचा दिवा लावूनच दाखवावी.

५. दुमडीच्या रेषा दाखवाव्यात. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना प्रत्येक बाजूला दीड इंच कड दुमडली, तर २४×३६ च्या फाइलमधून समोर २१×३३ इंचच उरतात. काठावर उभी असलेली करवली अर्धी बाजूला वळते. समोर पूर्ण २४×३६ हवे असेल तर फाइल २७×३९ ची लागते. हे ऑर्डर घेतानाच सांगावे आणि दुमड व काप दाखवणारी प्रतिमा मंजुरीसाठी पाठवावी.

६. फाइलला परस्पर हात लावू नये. ऑटो करेक्शन, त्वचा उजळवणे, शार्पनिंग यांपैकी काहीही आमच्या लेखी संमतीशिवाय करू नये. मंजुरीनंतर फाइल बदलली तर पूर्वदर्शनाला अर्थ राहत नाही.

७. जबाबदारी लेखी ठरवावी. मंजूर पट्टीवर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. अंतिम प्रिंट त्याच दिव्याखाली पट्टीशी जुळली नाही, तर लॅबने स्वखर्चाने पुन्हा छापावी. जुळली, तर तक्रार करण्याचा हक्क आमचा नाही.

खर्च आणि वेळ

लग्नसराईत पट्टीला वेळ कुठून आणायचा, असा आपला प्रश्न असणार. ४०×६० इंचांच्या एका प्रिंटचे क्षेत्रफळ २४०० चौरस इंच, तर ८×१२ च्या पट्टीचे ९६. नाकारलेल्या एका प्रिंटच्या मालात २५ पट्ट्या निघतात. शिवाय नाकारलेल्या प्रिंटमागे पुन्हा छपाई, पुन्हा लॅमिनेशन, पुन्हा वाहतूक आणि फोनवरची हुज्जत असते ती वेगळीच. पट्टीचा मालखर्च आम्ही देऊ. ऑर्डर पक्की झाल्यावर तो बिलात वळता करावा.

आमची बांधिलकी

आम्ही मॉनिटर नियमित कॅलिब्रेट करू आणि त्याचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान ठेवू. झगझगीत मॉनिटरवर फोटो तयार करायचा आणि प्रिंट डार्क आली म्हणून लॅबशी भांडायचे, हे आमच्या बाजूने थांबेल. प्रत्येक फाइलमध्ये रंगाचे प्रोफाइल जोडलेले असेल. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल मोठ्या छपाईला देणार नाही. ग्राहकाचे मन बदलले म्हणून पुन्हा छपाई मागणार नाही.

मुदत

तुळशीच्या लग्नानंतर कामाची गर्दी सुरू होते. त्यापूर्वी मागणी १ आणि ६ लागू कराव्यात. यांना नवे छपाईयंत्र लागत नाही. उरलेल्या मागण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत आम्हाला मान्य आहे. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ज्या लॅब या अटी स्वीकारतील त्यांची यादी सर्व सभासदांना देऊन मोठ्या प्रिंटची कामे आधी त्यांच्याकडेच पाठवण्याचा ठराव आमच्या संघटनेने केला आहे. अटींच्या तपशिलाबाबत चर्चेला आम्ही केव्हाही येऊ.

कळावे,

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी
जिल्ह्यातील व्यावसायिक छायाचित्रकारांची संघटना