खाण तशी माती, हे नेहमीच खरे नाही



तुळशीचे लग्न लागले की सोयरिकींची बोलणी सुरू होतात. पनवेलजवळच्या करंजाडे गावी भाताच्या खाचरांच्या जागी आता सिडकोच्या इमारती उभ्या आहेत, पण पाहुणे बसले की प्रश्न जुनाच निघतो, "घराण्यात कुणाला वेडबिड नाही ना?" मुलीचा बाप एकेकाळी रात्ररात्र जागून बडबडत होता, पुढे चार महिने अंथरुणातून उठला नाही, एवढे कानावर आले की ठरत आलेले लग्न मोडते. ह्यात दोष ना बापाचा, ना लेकीचा.

ह्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. आपण चढउताराचा आजार म्हणू. चढात माणसाला झोप नको असते, जमिनीचे आलेले पैसे तो उधळून टाकतो. उतारात त्याला जगणेच नकोसे होते. ही करणी नव्हे, हा मेंदूचा आजार आहे.

तो रक्तातून येतो का? काही अंशी येतो. एरवी शंभरात साधारण एकाला तो होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर शंभर मुलांत पाच ते दहा जणांना होतो. म्हणजे नव्वद तरी त्यातून सुटतात! अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दीड लाखाहून अधिक रुग्णांची तपासणी होती. त्यात ह्या आजाराशी निगडित अशा २९८ जागा गुणसूत्रांवर सापडल्या. प्रत्येकीचा वाटा मात्र अगदी थोडा. म्हणून लग्नाआधी रक्त तपासून हे सांगतो, असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नका.

एकाच कणगीतले बी दोन खाचरांत वेगळे उगवते. तसेच हे आहे. घराण्यात आजार असेल तर जागरणे व दारू टाळा. बाळंतिणीला तो पूर्वी झालेला असेल, तर बाळंतपणानंतर तिच्या झोपेकडे विशेष लक्ष द्या.

औषध आहे. लिथियमचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी दाखवला. त्याच्या गोळ्या चालू असताना वेळोवेळी रक्त तपासावे लागते. उन्हात राबताना पाणी भरपूर प्यावे, मीठ एकदम तोडू नये आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. ठाण्याचे सरकारी मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

तेव्हा मंडळी, सोयरीक जुळवताना आजार लपवू नका आणि त्याला भिऊही नका. त्या घरात आजारी माणसाला वेळेवर गोळी मिळते की कोंडून ठेवतात, एवढे मात्र जरूर पाहा. जे घर आजाऱ्याला सांभाळते, ते सुनेलाही सांभाळील.