भरलेला पैसा अडीनडीला हाताशी राहू द्या: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. श्री. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
फोर्ट, मुंबई.

सन्माननीय महोदय,

घराचं कर्ज मुदतीआधी फेडण्यासाठी धडपडणाऱ्या कुटुंबांच्या वतीने आपल्याकडे एक मागणी करते आहे. कर्जदाराने ठरलेल्या हप्त्याच्या वर जी रक्कम आगाऊ भरली असेल, ती घरावर संकट आलं तर त्याच व्याजदराने पुन्हा उचलता यावी. तो कर्जदाराचा हक्क असावा. बँकेच्या मर्जीवर किंवा त्या दिवशी टेबलामागे कोण बसलं आहे यावर तो अवलंबून नसावा.

मी बदलापूरला राहते. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून बदलापूर, विरार, पनवेलकडे सरकलेल्या हजारो घरांपैकी आमचं एक. आमच्यासारख्या घरात वर्षाला पैसे कधी हातात येतात आणि कधी जातात, हे ठरलेलं असतं. पगार झाला की पहिल्या आठवड्यात हप्ता जातो. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि रेनकोट हे सगळं एकदम येतं. मग गणपती. सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचा पास, विम्याचा हप्ता, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं यांना तर महिन्याचीही सुट्टी नाही. हातात जास्तीचे पैसे येतात ते दिवाळीच्या बोनसला, भिशी लागली की, किंवा पगारवाढीची थकबाकी एकदम मिळाली की. त्या वेळी घरात एकच चर्चा होते: कर्जात भरायचे, की ठेवायचे?

भरण्याचा रस्ता मोकळा करण्यात आपल्या संस्थेचा वाटा मोठा आहे, आणि तो आम्ही विसरलेलो नाही. पूर्वी कर्ज लवकर फेडलं म्हणून दंड द्यावा लागायचा. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरचा तो आकार बँकांना बंद करायला लावला. २०१४ मध्ये व्यक्तींच्या इतर बदलत्या दराच्या मुदत कर्जांनाही तेच लागू झालं. आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांसाठी आपण आणखी स्पष्ट केलंत की पैसे कुठून आणले हे विचारून आकार लावायचा नाही आणि अमुक काळ थांबायची अटही घालायची नाही.

आता आकडे मांडते, कारण आमच्या निर्णयाचं मूळ तिथेच आहे. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरा. हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या त्या हप्त्यातले २१,२५० रुपये व्याजात जातात. मुद्दलात पडतात फक्त ४,७८५. वीस वर्षं असंच चाललं तर तीस लाखांचे साडेबासष्ट लाख भरून होतात. पण दोन वर्षं झाल्यावर कुणी एक लाख रुपये आगाऊ भरले आणि हप्ता तसाच चालू ठेवला, तर शेवटचे सोळा-सतरा हप्ते गळतात. म्हणजे आज भरलेल्या एका लाखाने पुढचे सव्वाचार लाखांहून जास्त वाचतात. दर महिन्याला हप्त्याचा बारावा भाग जास्त भरला, म्हणजे वर्षाला एक हप्ता जादा गेला, तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं.

कर्ज मुद्दाम चालू ठेवा, व्याजावर करसवलत मिळते, असा सल्ला ऑफिसात वर्षानुवर्षं मिळत आला. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि तीच प्रणाली असेपर्यंत त्यात तथ्य होतं. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच आपोआप लागू होणारी झाली आणि तिच्यात राहत्या घराला ती वजावट नाही. मुदत ठेवीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी, शिवाय त्यावर कर. हिशेबाने पाहिलं तर बोनस कर्जातच जायला हवा.

तरीही तो जात नाही. का जात नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत कुठे लिहिलेलं मला सापडत नाही, म्हणून सांगते.

कर्जात भरलेला पैसा परत येत नाही. दोन लाख आज भरले आणि तीन महिन्यांनी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी निघाली, तर ते दोन लाख आमचे असूनही आमच्या कामाचे नाहीत. मग आम्ही काय करतो? सोनं गहाण ठेवतो, पतसंस्थेत जातो, भाऊ-मेहुण्यांपुढे हात पसरतो. पगाराच्या खात्यावर पर्सनल लोन मिळालं तर ते बहुतेक वेळा गृहकर्जाहून कितीतरी महाग असतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त. जे घर साडेआठ टक्क्यांचं कर्ज कमी करायला निघालं होतं, ते महिनाभरात दुप्पट-चौपट दराच्या कर्जात अडकतं. दुसऱ्या बाजूचं घर शहाणपणाने दोन-तीन लाख बचत खात्यात ठेवून देतं. तिथे अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं आणि त्याच वेळी ते घर त्याच बँकेला साडेआठ टक्के देत राहतं. या फरकाचा फायदा बँकेला होतो. आमच्या भीतीतून तो होतो, म्हणून मला तो मान्य नाही.

याहून टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. वेळेआधी लाखभर भरलेल्या माणसाची नोकरी पुढच्या वर्षी गेली आणि एक हप्ता चुकला, तर तो थकबाकीदारच ठरतो. सिबिलवर तीच नोंद होते. तो वेळापत्रकाच्या कितीतरी पुढे आहे, त्याचं मुद्दल ठरल्यापेक्षा कमी आहे, याची कुठेही गणना नाही. प्रामाणिकपणे पुढे जाऊन फेडणाऱ्याला अडचणीच्या महिन्यात त्या फेडीचा काडीचाही आधार मिळत नाही.

टॉप-अप कर्ज आहे की, असं उत्तर मिळेल. टॉप-अप म्हणजे नवा अर्ज, नवे उत्पन्नाचे पुरावे आणि बहुधा प्रक्रिया शुल्क. ते मंजूर करताना बँक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागते. नोकरी गेलेल्या माणसाकडे नेमक्या त्याच नसतात. रुग्णालयात अनामत भरायला सांगितलेली असते तेव्हा तपासणीसाठी आठवडा थांबायला कुणाकडे वेळ असतो?

ओव्हरड्राफ्ट जोडलेली गृहकर्जं काही बँका देतात, हे मला ठाऊक आहे. त्यात जादा पैसे खात्यात ठेवता येतात, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि हवे तेव्हा काढताही येतात. पण ती सोय सगळ्या बँकांकडे नाही, सगळ्या कर्जांना नाही, आणि जिथे आहे तिथे बहुधा थोडा जादा दर मोजावा लागतो. घर घेताना त्या सोयीचं नावही आमच्या कानावर पडत नाही. ऑस्ट्रेलियात बदलत्या दराच्या गृहकर्जावर आगाऊ भरलेली रक्कम पुन्हा उचलता येणं ही सर्रास मिळणारी सोय आहे. म्हणजे मी अशक्य काही मागत नाही.

मर्यादाही मीच सुचवते. उचललेली रक्कम धरून कर्जाची शिल्लक मूळ वेळापत्रकात त्या महिन्याला जेवढी असायला हवी होती, त्यापेक्षा कधीही वर जाऊ नये. असं केलं तर बँकेने ज्या दिवशी कर्ज मंजूर केलं, त्या दिवशी मान्य केलेल्या शिलकीहून एक रुपयाही जास्त तिच्या अंगावर येत नाही. घर तिच्याकडे तारण आहेच. न उचललेल्या रकमेसाठीही बँकांना भांडवलाची तरतूद करावी लागते, हे मी समजू शकते. त्यासाठी हवं तर गेल्या तीन किंवा पाच वर्षांत भरलेल्या रकमेपुरताच हा हक्क ठेवा. दोन दिवसांची पूर्वसूचना मागा. पण पगाराची पावती मागू नका. आणि जो कर्जदार आगाऊ रकमेच्या जोरावर वेळापत्रकाच्या पुढे आहे, त्याचा हप्ता त्या रकमेतून वळता करून घेण्याची मुभा द्या, म्हणजे चुकलेल्या हप्त्याचा शिक्का त्याच्यावर बसणार नाही.

दुसरी मागणी छोटी वाटेल, पण तिच्यात पुष्कळ पैसा आहे. पार्ट पेमेंट, म्हणजे काही रक्कम आगाऊ भरणं, झाल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारूनच ठरवावं आणि दोन्हींचे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत. वरच्याच उदाहरणात एक लाख भरून मुदत कमी केली तर सोळा-सतरा हप्ते वाचतात, हे सांगितलं. तेच हप्ता कमी केला तर महिन्याला साधारण ९०० रुपये वाचतात, उरलेल्या अठरा वर्षांत मिळून दोन लाखांच्या आत. ज्या घरात एक पगार बंद झाला आहे त्याला ते ९०० रुपये आज हवे असतील, आणि त्याने तेच निवडावं. पण आमच्या बाबतीत न विचारताच हप्ता उतरवला गेला. मुदत कमी करून घ्यायला शाखेत पुन्हा अर्ज द्यावा लागला. ओळखीच्या कित्येकांनी तो दिलाच नाही, कारण असं काही मागता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

मुदतीचा प्रश्न २०२२ नंतर किती गंभीर झाला, हे आपल्याकडच्या आकडेवारीत असेलच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या तीस लाखांच्या कर्जाचा हप्ता २२,८०० च्या आसपास होता. दर सव्वानऊ झाल्यावर पूर्ण तीस लाखांवरचं एका महिन्याचं व्याजच २३,१२५ रुपये होतं. दोन वर्षांत मुद्दल लाखभराने उतरलेलं धरलं, तरी जुन्या हप्त्याने ते कर्ज फिटायला आणखी चाळीसहून जास्त वर्षं लागली असती. हप्ता तोच राहिला म्हणून बऱ्याच घरांना काही जाणवलंच नाही. मुदत मात्र आतल्या आत वाढत गेली, आणि त्या आधी पोटाला चिमटा काढून भरलेलं पार्ट पेमेंट त्यात विरघळून गेलं.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने आपण बँकांना सांगितलंत की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्या, आणि दर तिमाहीला किती मुद्दल, किती व्याज वसूल झालं, किती हप्ते उरले याचा तक्ता द्या. हे फार चांगलं पाऊल होतं. त्या तक्त्यात एक ओळ वाढवा. आगाऊ भरलेल्या पैशामुळे किती हप्ते कमी झाले आणि दर बदलल्यामुळे किती वाढले, हे वेगवेगळं लिहा. २०२५ मध्ये आपण रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आणलात. त्यातलं किती आमच्या मुदतीपर्यंत पोहोचलं, हे एका नजरेत कळायला हवं.

नियम कसा पाळला जातो, याचं उत्तम उदाहरण आपल्याच संस्थेने घालून दिलं आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायची, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या त्या आदेशात मुदत आहे आणि चुकल्यास रक्कमही ठरलेली आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या सामान्य माणसाला तेवढंच बळ लागतं. पार्ट पेमेंटलाही तसंच करा. पैसे ज्या दिवशी खात्यात आले त्याच दिवसापासून व्याज कमी व्हावं, नवं वेळापत्रक तीन दिवसांत हातात पडावं, आणि नाही पडलं तर त्याची भरपाई ठरलेली असावी. किती रुपयांपासून भरता येईल, वर्षातून किती वेळा, यावरच्या बँकांच्या अटी काढून टाका. भिशी पंधरा हजारांची लागते, आणि ती ज्या संध्याकाळी लागते त्याच संध्याकाळी मोबाइलवरून कर्जात भरता आली पाहिजे. शाखेत जाऊन अर्ज लिहायला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली, तर त्या पंधरा हजारांचं घरात दुसरंच काहीतरी होऊन जातं.

आगाऊ फेडीच्या आकारांबद्दलचा मसुदा आपण फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांसमोर ठेवला होता आणि अभिप्राय मागवले होते. या विषयावरही तसाच मसुदा काढावा, आणि तो मराठीतही उपलब्ध करावा. आमच्या इमारतीत घरचा जमाखर्च बहुतेक ठिकाणी बायका लिहितात. किती मुद्दल गेलं, किती व्याज गेलं, हे त्या हप्त्याच्या तारखेसह सांगू शकतात. त्यांना वाचता येईल अशा भाषेत तो आला, तर बँकांच्या संघटनांइतकेच नेमके अभिप्राय आपल्याकडे बदलापूरहूनही येतील, आणि ते लिहून पाठवायची जबाबदारी मी घेते.

आपली नम्र,
बदलापूरची एक गृहकर्जदार