बर्फाखालची माती

हिवाळी ऑलिम्पिकची पदकतालिका प्रसिद्ध झाली की जगाला एक प्रश्न हमखास पडतो. सुमारे ५५ लाख लोकवस्तीचा नॉर्वे हा चिमुकला देश अमेरिका, जर्मनी, कॅनडा यांसारख्या बलाढ्य राष्ट्रांना मागे कसा टाकतो? २०१८ साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे या देशाने ३९ पदके जिंकली. २०२२ साली बीजिंगला १६ सुवर्णपदके मिळवून एका हिवाळी स्पर्धेतील सुवर्णपदकांचा तोवरचा उच्चांक मोडला. मारिट ब्योर्गेन या एकट्या स्कीपटू महिलेच्या नावावर २००२ ते २०१८ या काळातील १५ ऑलिम्पिक पदके आहेत.

‘तेथे बर्फ आहे म्हणून’ हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. बर्फ रशियात आहे, कॅनडातही आहे. शिवाय १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमधून नॉर्वेचा संघ एकाही सुवर्णपदकाविना परतला होता. बर्फ तर तेव्हाही तेवढाच पडत होता! त्या अपयशाने हा देश अंतर्मुख झाला. निरनिराळ्या खेळांतील प्रशिक्षक, वैद्य आणि शास्त्रज्ञ यांचे ज्ञान एकत्र आणणारी ‘ओलिम्पियातोप्पेन’ ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली. अवघ्या ६ वर्षांनी, १९९४ साली, स्वतःच्याच भूमीवर लिलेहॅमर येथे नॉर्वेने १० सुवर्णपदके मिळवली.

परंतु संस्था म्हणजे केवळ वरचा कळस. पाया त्याहून खोल आहे. ‘स्की’ हा शब्दच मुळी जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा अर्थ चिरलेली लाकडी फळी. इ. स. १२०६ मध्ये यादवीच्या धामधुमीत ‘बिर्केबाइनर’ पक्षाच्या दोन योद्ध्यांनी हाकोन या तान्ह्या राजपुत्राला सोबत घेऊन, बर्फाच्छादित डोंगर स्कीवरून ओलांडले आणि त्याचे प्राण वाचवले. पुढे तोच राजपदी बसला. या घटनेच्या स्मरणार्थ १९३२ पासून रेना ते लिलेहॅमर अशी दीर्घ पल्ल्याची शर्यत भरते. तीत धावणारा प्रत्येक जण पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे वाहतो. ते ओझे त्या बालकाचे प्रतीक आहे. इतिहास असा पाठीवर वाहून नेणाऱ्या समाजाला क्रीडासंस्कृती बाहेरून आणावी लागत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे तेथील बालक्रीडेचे नियम. राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार मूल ११ वर्षांचे होण्याआधी त्याच्या स्पर्धांचे निकालपत्रक वा क्रमवारी लावली जात नाही. १३ वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धाच नसते. कोणता खेळ खेळायचा आणि किती, यात मुलाच्या इच्छेला मान असतो. ज्या देशाने जगात सर्वाधिक हिवाळी पदके जिंकली, तोच देश आपल्या चिमुरड्यांना सांगतो की, आधी खेळा, जिंकण्याचे पुढे पाहू! यामागे भाबडेपणा नसून दूरदृष्टी आहे. कोवळ्या वयात निवड करून उरलेल्यांना घरी पाठवले, तर उशिरा उमलणारी गुणवत्ता कायमची हरवते. सर्वांना खेळते ठेवले, तर निवडीचे क्षेत्र आपोआप विस्तारते. आणि ही सारी व्यवस्था चालते ती प्रामुख्याने ‘दुग्नाद’वर, म्हणजे सर्वांनी मिळून विनामोबदला करावयाच्या कामाच्या जुन्या परंपरेवर. गावोगावच्या क्रीडामंडळांत पालकच प्रशिक्षक होतात, पालकच खाद्यपदार्थ विकून निधी उभारतात.

अशा मातीतून काय उगवते, याचे दर्शन २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये जगाला घडले. महिलांच्या सांघिक शर्यतीत कॅनडाच्या सारा रेनर यांची काठी मोडली. तत्क्षणी कडेला उभ्या असलेल्या ब्योर्नार हाकेन्समोएन या नॉर्वेच्या प्रशिक्षकाने आपली काठी त्यांच्या हाती दिली. कॅनडाला रौप्यपदक मिळाले. नॉर्वेचा संघ चौथा आला, पदकाविना! त्या वर्षी नॉर्वेच्या वाट्याला अवघी २ सुवर्णपदके आली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या काठीचे मोल कळते.

मात्र चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च २०२५ मध्ये नॉर्वेच्याच ट्रॉन्हाइम शहरातील जागतिक स्पर्धेत स्की-उडीच्या संघाचा अपप्रकार उघडकीस आला. उडी लांबावी म्हणून खेळाडूंच्या पोशाखाच्या शिवणीत नियमबाह्य फेरफार करण्यात आले होते. चित्रफीत समोर आली आणि संघव्यवस्थापनाला कबुली द्यावी लागली. घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकण्याचा मोह, इतकेच त्याचे कारण. दोन दशकांपूर्वी प्रतिस्पर्ध्याला काठी देणारा देश एका शिवणीपाशी घसरला.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की बोध स्पष्ट होतो. संस्कार ही एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याची ठेव नव्हे. ते प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागतात, आणि यशाच्या शिखरावर तर त्यांची गरज अधिकच असते. मुलांना ‘आधी खेळा’ असे शिकवणाऱ्या व्यवस्थेलाही मोठ्यांना ‘नियमाने खेळा’ याचे विस्मरण होऊ देऊन चालत नाही. नॉर्वेकडून शिकायचे असेल, तर पदकांची संख्या नंतर मोजावी. निकालपत्रकाविना बागडणारी मुले आणि त्यांच्यासाठी सुट्टीचा दिवस खर्ची घालणारे आईबाप आधी पाहावेत. पदके बर्फावर चमकतात. ती पिकतात मात्र बर्फाखालच्या मातीत. त्या मातीचा कस टिकला, तरच पुढचे पीक येईल.