ला पाझमध्ये रस्ते अडले की पाहुणे रोपवे का गाठतात?

बोलिव्हियातल्या ला पाझला विमानाने जाणारा माणूस आधी शहराच्या डोक्यावर उतरतो. विमानतळ आहे शेजारच्या एल आल्तो शहरात, सुमारे ४,०६० मीटर उंचीवर. ला पाझचा मध्यभाग त्याखालच्या दरीत, ३,६०० मीटरच्या आसपास. म्हणजे खाली उतरूनही तो कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर असतो. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, त्यामुळे इथे पायी भटकण्याचा बेत पहिल्याच दिवशी बारगळतो.

मग फिरायचं कशाने? शहराची बहुतेक ये-जा आजही मिनीबसवर चालते. काचेवर ठिकाणांच्या पाट्या, हात केला की थांबणार, उतरायचं असेल तर ओरडून सांगायचं. स्वस्त आणि सोयीचं. पण त्याला इंधन लागतं, आणि गेल्या काही वर्षांत पंपांवर लागलेल्या लांबच लांब रांगा हे बोलिव्हियाचं नेहमीचं चित्र झालं.

याचं मूळ नैसर्गिक वायूत आहे. वायूची निर्यात घटली, तसे देशाकडचे डॉलर आटले. इंधन मात्र आयात करायचं आणि पेट्रोल ३.७४ बोलिव्हियानो लिटर या ठरलेल्या दराने विकायचं, मधला फरक सरकारने भरायचा. २०१०च्या डिसेंबरमध्ये इव्हो मोरालेस सरकारने ही सवलत काढली, पण लोक रस्त्यावर उतरल्यावर काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. २०२५च्या डिसेंबरमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रॉद्रिगो पाझ यांनी पुन्हा तेच केलं. पेट्रोल एकदम ६.९६ बोलिव्हियानोवर गेलं आणि आंदोलनं पेटली.

बोलिव्हियात आंदोलन म्हणजे बहुतेकदा रस्ता अडवणं. ला पाझ दरीत असल्याने वरचे रस्ते बंद झाले की शहराचा श्वास कोंडतो. २००३ साली एल आल्तोच्या लोकांनी हे करून दाखवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला होता.

इथेच 'मी तेलेफेरिको' वेगळी ठरते. आपल्याकडे रोपवे म्हटलं की रायगड आठवतो, म्हणजे सहलीची गोष्ट. ला पाझमध्ये ती लोकल ट्रेन आहे. २०१४च्या मे महिन्यात पहिली लाल लाइन सुरू झाली, २०१९पर्यंत लाइन दहा झाल्या, एकूण लांबी सुमारे ३० किलोमीटर. दहा जणांची केबिन काही सेकंदांच्या अंतराने येत राहते, वेळापत्रक बघावं लागत नाही. लाल लाइन जुन्या रेल्वे स्टेशनापासून निघते, कब्रस्तानावरून जाते आणि दहाएक मिनिटांत एल आल्तोच्या मोठ्या बाजाराजवळ पोहोचवते. गुरुवारी किंवा रविवारी गेलात तर बाजार भरलेला सापडेल. रस्त्यावरचे टायर आणि दगड खालीच राहतात.

तरी हा पूर्ण तोडगा नाही. केबिन विजेवर चालतात, पण बोलिव्हियाची बरीचशी वीज त्याच आटत चाललेल्या वायूवर तयार होते. विजांचं वादळ आलं की केबल थांबवावी लागते, आणि रात्री उशिरा सेवा बंद असते.

पाहुण्यांसाठी सर्वांत अडचणीची बाब तर निघतानाच कळते. दहापैकी एकही लाइन विमानतळाच्या टर्मिनलपर्यंत जात नाही. एल आल्तोच्या स्टेशनावर उतरून टॅक्सी करावी लागते. रस्ता अडवलेला असेल त्या दिवशी उरलेलं अंतर चार हजार मीटर उंचीवर, बॅग ओढत, पायी.