रिमांड होमच्या अलीकडचे दार

20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले. लैंगिक अत्याचार झालेल्या शाळकरी मुलींसाठी होता तो संताप, आणि रास्तच होता. तिथला आरोपी प्रौढ होता. पण रुळांलगतच्या चिखलोलीत किंवा उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पात एखाद्या घरी त्रास देणारा बारा वर्षांचा मुलगा निघतो आणि जिला त्रास झाला ती त्याचीच धाकटी बहीण असते, तेव्हा कोणी रस्त्यावर येत नाही. आई दोघांचीही असते. झाकली मूठ म्हणून मुलाला मामाकडे गावी धाडतात. तिथेही लहान भावंडे असतातच.

अशा मुलासाठी आपण दार उघडले ते संस्थेचे. 1857 मध्ये मुंबईत ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली, 1924 मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा झाला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे 1986, 2000 आणि 2015 चे बाल न्याय कायदे आले. घर मात्र बाहेरच उभे राहिले. 2015 च्या कायद्याचे कलम 18 मुलाबरोबर पालकांच्याही समुपदेशनाची तरतूद करते, पण ते चौकशीच्या शेवटी. आईला गरज असते पहिल्या रात्री.

त्या रात्री तिच्याकडे शब्दही नसतात. 1927 सालीच र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, त्यापायी खटले सोसले. त्यानंतर 80 वर्षांनी, 2007 मध्ये, याच महाराष्ट्राने शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले. घरात न बोललेले शाळेतही बोलायचे नाही, असे आपणच ठरवून टाकले.

अमेरिकेत ओक्लाहोमा इथे 5 ते 12 वर्षांच्या, असे लैंगिक वर्तन करणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे 12 बैठकांचे गट चालवले गेले. शरीराच्या मर्यादा, रागाला आवर, घरातले नियम असे साधेच शिक्षण. 10 वर्षांनी पाहिले तर त्यांच्यापैकी सुमारे 2 टक्क्यांकडून पुढे लैंगिक गुन्हा घडला होता. खेळोपचार पद्धती मिळालेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे पालकांना आरोपी न मानता कामाला लावले होते.

मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे घटना कळवणे बंधनकारक आहे, आणि पीडित मुलीसाठी ते हवेच. 2020 च्या नियमांनी तिच्या सोबतीला सहाय्यक व्यक्तीही दिली. मुलाच्या आईबापांना तशी सोबत नाही. म्हणून तक्रारीच्या भीतीने ते गप्प बसतात, आणि मुलगी त्याच खोलीत झोपत राहते. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस असे काम जाणणारा समुपदेशक बसवायला हवा. पोलीस ठाण्यापर्यंत आणि बाल न्याय मंडळापुढे पालकांसोबत जाणारा, नंतरही वर्षभर दार उघडे ठेवणारा.

तोवर त्या आईला सांगण्याजोगे एवढे आहे: मुलीला आधी जवळ घे, तिचा दोष नाही हे तिला सांग, डॉक्टरांकडे ने. दोघांची अंथरुणे वेगळ्या खोल्यांत घाल, त्यांना एकटे सोडू नकोस. मुलाला मारू नकोस. आणि चाइल्डलाइनचा 1098 फिरव.